उरला तो शब्द

"बरोबर आहे, बाई, पण याने, कुणी मरत नाही," प्रमुख संपादक म्हणाले आणि थोरलीने लिहिलेले कार्ड त्यांनी बोटाने टेबलाच्या मधोमध सरकवले. दर दोन-तीन शब्दांनंतर ते थांबत, म्हणून इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत सगळे त्यांना पाठीमागे अल्पविराम म्हणत. कार्डावर वर इंग्रजी शब्दप्रयोग होता, ग्रेव्हयार्ड स्पायरल, शब्दशः स्मशानातली गिरकी. खाली एका वर्तमानपत्रातले कात्रण डकवलेले, त्यात कुठल्याशा कंपनीचा धंदा एका तिमाहीत कसा रसातळाला गेला याचे वर्णन. आणि त्याखाली थोरलीच्या ठाशीव अक्षरात 'अधोगामी सर्पिल'. मूळ शब्द वैमानिकांचा. ढगात शिरलेल्या वैमानिकाला क्षितिज दिसेनासे होते, विमान हळूच एका अंगाला कलते, पण कानातला तोल त्या कलाला इतका सरावतो की आपण सरळच चाललो आहोत असे त्याला वाटते. उंची कमी होताना दिसली की तो विमानाचे नाक वर ओढतो, त्याने गिरकी आणखी आवळते, आणि विमान आणखी वेगाने खाली जाते. इंग्रजीत हा प्रयोग माणसांच्या, संस्थांच्या अचानक झालेल्या दुर्दशेसाठी क्वचितच कुणी करतो, पण करतो. सारे टेबल विचार करत होते. "असं करा," अल्पविराम कागदांतून मान वर न काढता म्हणाले, "धाकट्या बाईंना, विचारून घ्या, त्या एका मिनिटात—" आणि तिथे ते खरोखरच थांबले. पंख्याखाली कार्डांचे कोपरे फडफडत राहिले. कुणीतरी पाण्याचा ग्लास उचलला. धाकटी बाई म्हणजे थोरलीची सख्खी धाकटी बहीण. अकरा महिन्यांपूर्वी याच टेबलाशी, समोरच्या खिडकीलगतच्या खुर्चीवर बसलेली असताना, वाक्याच्या ऐन मध्यावर तिची वाचा गेली होती. "माफ करा, हं," अल्पविराम पुटपुटले. "तोंडात, बसलंय." थोरली म्हणाली, "चालायचंच." आणि कार्ड पर्समध्ये ठेवून दुपारची अर्धी रजा टाकून ती निघाली. दर बुधवारी ती धाकटीकडे जायला निघतच असे.

जिन्यावरून उतरताना तिच्या लक्षात आले की आपल्याला वाईट वाटलेले नाही. वाईट वाटले असते तर बरे झाले असते. जे वाटले ते फार जुने, फार ओळखीचे होते. छातीच्या मधोमध, गिळलेली गोळी अडकावी तसे. मुकी झाली तरी हिलाच विचारायचे. एका कोपऱ्यातल्या पलंगावर उजवा हात मांडीवर ठेवून ती भिंतीकडे बघत बसलेली असते, तिला स्वतःला पाणी मागता येत नाही, आणि तरी पाच शहाणी माणसे एका शब्दापाशी अडली की त्यांच्या तोंडी तिचेच नाव येते. आणि मी? मी समोर बसलेली असते. बरोबर असते. 'बरोबर' हा शब्द थोरलीला लहानपणापासून टोचत आला होता. वडील एका विमा कचेरीत लघुलेखक होते. दिवसभर दुसऱ्यांची वाक्ये टिपून संध्याकाळी घरी आले की त्यांना खेळ सुचे. ज्याला नाव नाही अशी एखादी गोष्ट ते जेवताना काढत आणि विचारत, "याला काय म्हणायचं?" एका रविवारी धाकटी दुपारची झोपून उठली तेव्हा तिच्या गालावर उशीच्या शिवणीची रेघ उमटली होती. चहाबरोबर पोहे खात बसलेल्या वडिलांनी त्या रेघेवर बोट ठेवले. थोरली नऊ वर्षांची होती, तिने ताबडतोब सांगितले, "वळ." "बरोबर," वडील म्हणाले, "बरोबर आहे गं बाळ." मग पाच वर्षांची धाकटी आरशात बघून म्हणाली, "उशीने सही केलीय." वडिलांच्या हातातला घास खाली पडला. पुढे कित्येक वर्षे घरी येईल त्याला ते 'उशीची सही' सांगत राहिले. शेजाऱ्यांना, साहेबांना, इस्त्रीवाल्यालासुद्धा. सांगताना त्यांचा हात धाकटीच्या डोक्यावर असे. 'वळ' कोणी म्हटले होते हे त्यांनी कधीच कुणाला सांगितले नाही, आणि सांगण्यासारखे त्यात काय होते? तो शब्द तर आधीपासूनच होता.

बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली. रस्त्याच्या कडेने दुकानांची शटरे, बँकेचा जिना, एका दवाखान्याबाहेर वाट पाहणारी माणसे, सगळे मागे सरकत राहिले आणि तिला आठवत राहिले की धाकटीला कचेरीत आणले ते आपणच. तेव्हा थोरलीला तिथे सहा वर्षे झाली होती. जागा रिकामी झाली, तिने घरी येऊन सांगितले, अर्ज स्वतः टंकून दिला. का दिला? चांगुलपणाने दिला असेच ती इतकी वर्षे मानत आली होती. आज खिडकीच्या गरम काचेला कपाळ टेकवताना तिला पहिल्यांदाच शंका आली की आपल्याला कार्डांच्या त्या लांब लाकडी खणांचा, शिस्तीचा, एका शब्दासाठी आठ कोश उघडण्याच्या त्या कामाचा भरवसा वाटला असावा; इथे तरी हिच्या चमत्कारांना वाव नाही, इथे बरोबर असणाऱ्याचेच चालते, असे वाटले असावे. पहिल्याच महिन्यात एक कार्ड आले: लिफ्ट आपल्या मजल्यावर न थांबता पुढे निघून जाते तो आवाज. इंग्रजीत त्याला शब्द नव्हताच. कुणी लेखकाने चार ओळींत वर्णन केले होते आणि ते कार्ड रद्द व्हायचे होते. धाकटी सहज म्हणाली, "हुकलेली हाक." अल्पविरामांनी चष्मा काढला. त्या दिवशी डबा खाताना सगळे तिच्या भोवती बसले, आणि थोरली आपला डबा घेऊन संदर्भग्रंथांच्या खोलीत गेली. कुणी विचारले नाही. "ताई अभ्यासू," धाकटी अभिमानाने सांगे, "मी आपली तोंडाला येईल ते बोलते. ताई नसती तर माझ्या निम्म्या कार्डांना कुणी हात लावला नसता." ती हे मनापासून म्हणे, हेच असह्य होते. हेवा करायचा तर समोरचे माणूस जरासे तरी वाईट हवे. धाकटीने तेवढीही सोय ठेवली नव्हती.

मग अकरा महिन्यांपूर्वीचा तो मंगळवार. धाकटी अल्पविरामांना एक विनोद सांगत होती. "आणि तो माणूस म्हणतो," ती म्हणाली, "तो म्हणतो, तो... तो..." आणि हसतच राहिली, कारण आपण बोललो आहोत असे तिला वाटत होते. पेन हातातून सुटून खाली गेले आणि तोंडाचा एक कोपरा कुणी टाचणी काढून घेतल्यासारखा ओघळला. साडेअकराला हिच्यापाशी चाळीस हजार शब्द होते, पावणेबाराला एकही नव्हता. डॉक्टर म्हणाले, डाव्या मेंदूत गुठळी. थोरली रुग्णालयाच्या बाकावर बसून होती. रडली, फोन केले, सह्या केल्या. आणि त्या सगळ्याच्या तळाशी एक बारीक, स्वच्छ आवाज तिला ऐकू येत होता: संपले. त्या आवाजाला तिने त्या वेळी थकवा म्हटले. सातव्या दिवशी थोरलीला खोलीत सोडले तेव्हा पलंगाच्या एका बाजूला मेहुणे उभे होते. पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढणारा हा माणूस सात दिवस दाढी न करता तिथेच होता. धाकटीने डोळे उघडले, नवऱ्याकडे पाहिले, मग दाराकडे पाहिले आणि म्हणाली, "ताई."

तिचा तो पहिला शब्द आणि शेवटचाही. त्यानंतर दुसरा शब्द आलाच नाही. पाणी हवे असले की "ताई", पाय दुखला की "ताई", दिवा घालवा म्हणायचे असले तरी "ताई". पण त्या दिवशी हे ठाऊक नव्हते. त्या दिवशी थोरलीला छातीत असे काही भरून आले की तिला बाहेरच्या व्हरांड्यात जाऊन भिंतीला टेकावे लागले. येणाऱ्या-जाणाऱ्यांना ते दुःख वाटले असेल. तो विजय होता. चाळीस हजारांतून चाळणीत उरला तो आपला शब्द; वडिलांचा नाही, नवऱ्याचा नाही, कुठल्या चतुर उपमेचा नाही. ती डोळे पुसून आत आली तेव्हा मेहुणे तिच्याकडे पाहत होते, आणि ती नजर थोरलीने तत्क्षणी ओळखली. आपले हस्ताक्षर दुसऱ्याच्या पत्रात दिसावे तशी. ती नजर तिने पन्नास वर्षे आपल्या चेहऱ्यावर वागवली होती. आता पहिल्यांदा ती दुसऱ्या चेहऱ्यावरून तिच्याकडे रोखलेली होती, आणि खरे सांगायचे तर ते सुखाचे होते.

तेव्हापासून बुधवार तिला गोड लागू लागला. ती दारात पाऊल टाकी तोच आतून हाक येई. मेहुणे म्हणत, "घ्या, आलं तुमचं बोलावणं," आणि हसत, पण ते हसू ओठांपुरतेच असे. त्यांनी घरभर पट्ट्या लावल्या होत्या. नकाशे काढणाऱ्याच्या त्या देखण्या, एकसारख्या अक्षरात दारावर 'दार', कपाटावर 'कपाट', दिव्याच्या बटणाखाली 'दिवा'. अर्धा दिवस नोकरी करून ते दुपारी येत आणि तिला घेऊन एकेका पट्टीपाशी उभे राहत. दोन महिन्यांपूर्वी थोरलीने पाहिले, त्यांच्या सदऱ्याच्या खिशावरही पट्टी होती. त्यावर त्यांचे स्वतःचे नाव. "रोज सकाळी दहा वेळा," ते तिला म्हणाले होते. "बोट ठेवून. दहा वेळा ऐकते, माझ्याकडे बघते, आणि म्हणते ताई. सत्तावीस वर्षं झाली आमच्या लग्नाला." थोरली म्हणाली होती, "येईल हळूहळू." आणि मनात म्हणाली होती, येऊ नये.

पण याहून वाईट गोष्ट पाच आठवड्यांपूर्वीची होती, आणि बस उतरून त्या इमारतीकडे चालताना तिने नेहमीप्रमाणे ती बाजूला सारण्याचा प्रयत्न केला. मेहुण्यांच्या कचेरीत तपासणी होती म्हणून त्या दिवशी धाकटीला वाचा-उपचाराला तीच घेऊन गेली. बोलायला शिकवणाऱ्या बाई त्याच आठवड्यात नव्याने आलेल्या, तरुण होत्या, हातात पुरुषी मोठे घड्याळ. त्यांनी चित्रे दाखवली. कंगवा: "ताई." छत्री: "ताई." मग मेहुण्यांचे छायाचित्र दाखवले. धाकटी जराशी पुढे झुकली, एक भुवई उचलून, लाडाने, थोडे रागावून म्हणाली, "ताई!" थोरली अभावितपणे म्हणाली, "ओ." त्या बाईंनी मान हलवली. "तुम्हाला नाही हाक मारली त्यांनी," त्या सौम्यपणे म्हणाल्या. "घरच्यांना हे समजावून सांगावं लागतं. तो शब्द म्हणजे तुम्ही नाही. तोंडाला तेवढी एक वाट मोकळी राहिलीय, आतलं सगळं तिथूनच बाहेर येतं. कंगवा बघितला की त्यांच्या मनात कंगवाच असतो. आणि आपण कंगवाच म्हणालो असंच त्यांना ऐकू येतं. आपलं चुकतंय हे त्यांच्या गावीही नाही. शब्द सोडा, सूर ऐका. आता फोटोतल्या माणसाला त्यांनी त्याच्या नावाने हाक मारली." थोडे थांबून त्या म्हणाल्या, "मिस्टरांना सांगाल ना? फार उपयोग होईल त्यांना. की लिहून देऊ?" "नको," थोरली म्हणाली, "मी सांगते." तिने सांगितले नाही. पहिल्या बुधवारी पाहुणे होते, दुसऱ्या बुधवारी मेहुण्यांना ताप होता, तिसऱ्या बुधवारी कारणच नव्हते. मेहुण्यांनी दार उघडले, खिशावरची पट्टी जुनी होऊन कोपऱ्यात मुडपली होती, आतून हाक आली, आणि थोरली नुसतीच "आले गं" म्हणून पुढे गेली.

आजही त्यांनीच दार उघडले. "या. सकाळपासून तुमचाच जप चाललाय," ते म्हणाले. "दूध आणणाऱ्यालाही ताई केला तिने. तो म्हणाला, मला मिशा आहेत." खिशावरची पट्टी नवी होती.

धाकटी खिडकीपाशी आरामखुर्चीत होती, केस विंचरलेले, मांडीवर शाल. थोरलीने स्टूल ओढले आणि कार्ड काढले. का काढले हे तिला सांगता आले नसते. अल्पविरामांनी म्हटले होते म्हणून. किंवा धाकटीला दाखवायचे होते, हे बघ, आता तुला येत नाही. तिने इंग्रजी शब्द वाचला, मग सावकाश सगळे सांगितले: ढग, हरवलेले क्षितिज, कललेले विमान, सरळ चाललो आहोत अशी खात्री. धाकटी ऐकत होती. ऐकताना तिचे डोळे तसेच बारीक झाले जसे खिडकीलगतच्या खुर्चीत होत असत. मग तिने डावा हात उचलला. तळवा आडवा, सपाट, छातीच्या उंचीवर. तो अगदी हळू, कुणाला दिसेल न दिसेल असा कलला आणि मोठे वर्तुळ घेऊ लागला. संथ, ऐटीत, जणू बागेत फिरायला निघालाय. वर्तुळ लहान झाले. बोटे वर ओढली गेली, धडपडून, आणि वर्तुळ आणखी आवळले, आणखी, हात गरगरत मांडीकडे आला आणि शालीवर पडून निश्चल झाला, पालथा. "ताई," धाकटी म्हणाली आणि समाधानाने मागे टेकली.

दारात उभे असलेले मेहुणे मोठ्याने हसले. "झालं काम! लिहा कार्डावर, याला मराठीत ताई म्हणतात!" मग त्यांनी जीभ चावली. "चुकलो. तोंडातून गेलं."

थोरलीचे तिकडे लक्ष नव्हते. ती सूर ऐकत होती. ती हाक नव्हती. त्या दोन अक्षरांत चार-पाच अक्षरांचे वजन होते; मध्ये एक हेलकावा, शेवटी धप्पकन खाली. आत शब्द होता. पुरा घडवलेला, कडा घासलेला, उशीच्या सहीइतका नेमका. धाकटीने तो आत्ता बनवला होता, आत्ता उच्चारला होता आणि स्वतः ऐकलाही होता, नाहीतर चेहऱ्यावर ते समाधान कुठून आले असते? जगात तो फक्त तिलाच ठाऊक होता. आणि तो मत्सर, जो अकरा महिने गोड होऊन पडला होता, इतक्या जोराने वर आला की थोरलीने स्टुलाची कड धरली. हिचे काहीही गेलेले नव्हते. सगळे चाळीस हजार तिथेच होते, वर एक नवा. गेले होते ते आपले. आपल्याला वाटले होते की हा एक शब्द आपल्याकडे आला, आणि तोही आला नव्हता. तिने पेन काढून 'अधोगामी सर्पिल'वर रेघ मारली आणि खाली लिहिले: वैमानिकास नकळत होणारे वर्तुळाकार पतन, त्यावरून, अचानक ओढवलेला सर्वनाश. बरोबर होते. कार्ड तिने पर्समध्ये टाकले.

स्वयंपाकघरात मेहुणे चहा गाळत होते. तिथेही 'साखर', 'गॅस', 'खिडकी'. "ताई, एक विचारू?" ते पाठमोरेच म्हणाले. "रागावू नका. तुम्ही नक्की काय केलं होतं तिच्यासाठी? लहानपणी वगैरे. म्हणजे असं काय, जे मला जमलं नाही?"

तिला कितीतरी सांगता आले असते. अक्षरे मी शिकवली, अर्ज मी टंकला. त्यांना ते पटले असते, ते खचले असते, आणि पुढच्या बुधवारी हाक आणखी गोड लागली असती. तिने त्यांच्या मानेकडे पाहिले. कॉलर आतून उसवली होती. ती बघणारे या घरात आता कुणी नव्हते.

"काहीच नाही केलं," ती म्हणाली. "हेवा केला तिचा. जन्मभर."

"काय बोलताय!"

"बसा जरा." ते बसले नाहीत. तिने उभ्यानेच सांगितले: चित्रे, कंगवा, छत्री, आतला शब्द आणि बाहेरचा. "तुमचा फोटो दाखवला तेव्हा तिने तुम्हालाच हाक मारली. तुमच्या नावाने. तिच्या कानाला तुमचंच नाव ऐकू येतं. रोज सकाळी दहाच्या दहा वेळा ती बरोबर सांगते. मग तुम्ही पुन्हा का विचारता, हेच तिला कळत नसेल."

मेहुण्यांच्या हातात गाळणे तसेच राहिले. "हे त्या बाई म्हणाल्या?"

"हो."

"कधी?"

"पाच आठवडे झाले."

"पाच आठवडे," ते म्हणाले. गाळण्यातून एक थेंब ओट्यावर पडला, मग दुसरा. "पाच आठवडे मी घरात खिशावर नाव चिकटवून फिरतोय, ताई. तुम्ही बघत होतात."

"हो."

ते रागावतील, जा म्हणतील, असे तिला वाटले. तिने तशी तयारीही केली होती. पण त्यांनी गाळणे ठेवले, हात पुसले, आणि तिच्याकडे न बघता बाहेर गेले. बाहेर त्यांच्या सपाता एकदा थांबल्या, मग चालू झाल्या. खुर्ची सरकल्याचा आवाज. मग आतून हाक आली, "ताई," आणि सवयीने स्वयंपाकघरात थोरलीचे ओठ उघडले.

"ओ," मेहुणे म्हणाले.

तिने ओठ मिटले. चहावर साय धरू लागली होती. आतून पुन्हा हाक आली, लाडाची, थोडी रागावलेली, इतका वेळ कुठे होतास असे विचारणारी. आणि थोरली जागची न हलता ऐकत राहिली, कारण इतक्या वर्षांत त्या सुरात तिला कुणीही, कधीही बोलावले नव्हते.